जुने पत्रे स्वीकारले जातील

चूक आणि माझ्या हातून? अहो, नाव काढू नका! एकोणीस वर्षं मी राष्ट्रीय ग्रंथालयाचं मासिक वार्तापत्र काढत होतो. कोणतं दालन दुरुस्तीसाठी बंद, कोणता संग्रह नव्याने दाखल, कोणाचं व्याख्यान किती वाजता, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आणि एकोणीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे झाली नव्हती! एकदा खुद्द संचालकांनी ‘आशिर्वाद’ असं लिहून पाठवलं. मी ‘शि’ दीर्घ केला आणि खाली लाल शाईत ‘यापुढे लक्ष द्यावे’ असं लिहून कागद परत धाडला! त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पण शब्द सुधारला की नाही?

माझी खोली तळघरात. वर, छताला चिकटून एक लांबट खिडकी. तिच्यातून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. डोक्यावरची ट्यूब आजाऱ्यासारखी कण्हत असते. अशा ठिकाणी माणसाला आनंद कशाचा? तर दुसऱ्यांच्या चुकांचा! सकाळी आलो की लाल पेनाचं टोपण काढायचं आणि शिकारीला बसायचं.

माझ्या खोलीपासून तिसरं दार पत्रविभागाचं. तिथे एकच बाई. सगळे त्यांना पत्रबाई म्हणायचे. विभागात बारा कपाटं होती, शेकडो कोऱ्या फोल्डरांच्या चळती होत्या, पांढरे सुती हातमोजे होते. पत्रं मात्र एकही नव्हतं! थोरामोठ्यांची पत्रं हस्तलिखित विभागाने आधीच पळवलेली. पत्रबाईंना ती नकोच होती.

“मोठ्या माणसांची पत्रं सगळेच जपतात हो,” त्या म्हणायच्या. “पण आई मुलाला लिहिते, ‘पोचलास की कळव’, ते कोण जपणार? ती आई गेली की आठ दिवसांत रद्दीत!”

साध्या माणसांची पत्रं गोळा करण्यासाठी त्या नऊ वर्षं अर्ज करत होत्या. नऊ वर्षांनी एक दिवस मंजूर झाला. एकच! सोमवारी दहा ते पाच, पुढच्या मोठ्या दालनात एक टेबल. लोकांनी प्रतिसाद दिला तर विभाग चालू राहणार. नाही दिला तर कपाटं नियतकालिकांना जाणार. आणि पत्रबाई त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या.

निवेदनाचा कागद त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. चार वेळा घडी घालून उघडलेला दिसत होता.

“एकदा बघून घ्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हाताखालून गेलं की मला काळजी नाही.”

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

तर ऐका. त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीचं छत गळायला लागलं होतं. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मी निवेदन वाचायला घेतलं आणि फोन वाजला. आमची ही!

“पत्रेवाला आलाय,” ही म्हणाली. “म्हणतो, सगळे पत्रे बदलावे लागतील.”

“सगळे कशाला? दोन बदल म्हणावं!”

“म्हणतो, जुने पत्रे गंजलेत. हात लावला की भोक पडतंय. तुम्हीच बोला त्याच्याशी.”

पत्रेवाला फोनवर आला. मग पाव तास मी, पत्रेवाला, जुने पत्रे, नवे पत्रे, अर्धे पत्रे! फोन ठेवला तेव्हा माझ्या कवटीच्या आत पन्हाळी पत्रे ठोकून बसवल्यासारखं वाटत होतं. त्याच डोक्याने मी समोरचा कागद वाचला. ‘घरात पडून असलेली जुनी पत्रे.’

जुनी? मी ताडकन ताठ झालो! अहो, पत्रा पुल्लिंगी! तो पत्रा, ते पत्रे. जुने पत्रे! इतक्या शिकलेल्या बाई आणि लिंगाची चूक? मी पेन उचललं आणि ‘जुनी’चं ‘जुने’ केलं. ‘असलेली’चं ‘असलेले’. ‘फाटलेली’चं ‘फाटलेले’. पुढे लिहिलं होतं, ‘वाळवी लागलेली असली तरी चालतील.’ मी खो खो हसलो. पत्र्याला कुठे वाळवी लागते? मी वाळवी खोडून ‘गंज’ लिहिलं! एका जागी ‘गादीखाली जपून ठेवलेली’ असं होतं. तिथे मात्र क्षणभर अडखळलो. गादीखाली पत्रा? पण असेल कुणाचा पलंग मोडका, म्हटलं. आपण व्याकरण बघावं, लोकांच्या संसारात डोकावू नये.

तुम्ही विचाराल, राष्ट्रीय ग्रंथालयाला पत्रे कशाला हवेत, हे तुमच्या मनात आलं नाही? नाही आलं! गेल्याच वर्षी आम्ही जुन्या कुलपांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याआधी दौती. ग्रंथालयाला काय लागेल याचा नेम नाही. उलट, पत्रबाईंची केवढी फजिती टाळली म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो, की त्या दिवशी डब्यातलं सगळं संपवलं.

आमच्याकडे अंक हातात पडायच्या आधीच मजकूर वर्तमानपत्रांना आणि रेडिओला जातो. त्यामुळे रविवारी सकाळी बातम्यांनंतर एका मंजुळ आवाजात साऱ्या देशाने ऐकलं, “आपल्या माळ्यावर, कपाटात, गादीखाली जपून ठेवलेले, कुणालाही न दाखवलेले जुने पत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाला द्या. फाटलेले, दुमडलेले, गंज लागलेले असले तरी चालतील. त्यांत आपल्या माणसांच्या आठवणी आहेत. राष्ट्र ते जपेल.”

पत्रबाईंकडे रेडिओ नव्हता आणि वर्तमानपत्र त्या ग्रंथालयातच वाचायच्या.

सोमवारी मी साडेनवाला पोचलो. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रांग! माझी छाती फुगली. माझ्या वार्तापत्रामुळे एवढी माणसं! मग जवळ गेलो आणि पाहिलं. प्रत्येकाच्या डोक्यावर, खांद्यावर, हातगाडीवर पत्रे होते. सपाट, पन्हाळी, कोंबडीच्या खुराड्याचे, न्हाणीघराच्या दाराचे. एका गृहस्थाने तर अख्खी शेड उतरवून टेम्पोत घालून आणली होती!

पहारेकरी माझ्याकडे धावत आला. “साहेब, पिशव्या बाहेर ठेवायला लावतो मी. छत्र्या बाहेर ठेवायला लावतो. पण पत्र्यांबद्दल नियमावलीत काहीच नाही! आत सोडू का?”

“थांब, बाईंना विचारतो,” म्हणत मी आत धावलो.

मोठ्या दालनात पत्रबाई टेबलाशी बसल्या होत्या. हातात पांढरे मोजे. पुढ्यात तासून ठेवलेल्या सहा पेन्सिली, कोऱ्या फोल्डरांची चळत आणि नवी नोंदवही. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी आमचा नोंदणी कारकून. ग्रंथालयात येईल त्या वस्तूवर तो शिक्का मारतो, म्हणून त्याला सगळे ‘शिक्का’च म्हणतात.

“बाई,” मी धापा टाकत म्हणालो, “पत्रे आलेत! पुष्कळ!”

त्यांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! “आली? खरंच आली पत्रं?”

“रांग लागलीय. टेम्पोसुद्धा आहे.”

“टेम्पो भरून पत्रं!” त्या उभ्याच राहिल्या. “नऊ वर्षं सगळे म्हणत होते, कोणी येणार नाही. सोडा त्यांना आत, लगेच सोडा!”

आणि पहारेकऱ्याने सोडलं.

पहिला पत्रा दालनाच्या फरशीवर पडला तेव्हाचा आवाज! वाचनकक्षात तीस वर्षं कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. तिथे वीज पडल्यासारखं झालं. दोन संशोधक टेबलाखाली गेले. एक म्हातारे वाचक डुलकीतून दचकून उठले आणि हात वर करून उभे राहिले!

पत्रबाईंनी पत्र्याकडे पाहिलं. मग रांगेतल्या माणसाच्या हातातलं कात्रण घेऊन उभ्याउभ्याच वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“वाळवी होती ना हो इथे?” एवढंच विचारलं.

माझ्या डोक्यातले पत्रे एकदम उडून गेले आणि खाली जे होतं ते लख्ख दिसलं. पत्र. पत्रे. जुनी पत्रे. तुम्हाला सांगतो, तळघराच्या खाली आणखी एखादं तळघर असतं तर मी त्यात गेलो असतो.

“बाई, मी... मला वाटलं, पुल्लिंगी...”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि पेन्सिली सरळ करत राहिल्या. सरळच होत्या त्या.

“परत पाठवतो सगळ्यांना!” मी म्हणालो.

“पाठवता येणार नाही,” शिक्का म्हणाला. “जाहीर आवाहनाला प्रतिसाद म्हणून आलेली वस्तू नाकारता येत नाही. नियम चौदा.”

आणि त्याने कामाला सुरुवात केली! एकेका पत्र्यावर क्रमांक. शिक्का. पावती. त्याच्या वहीत मी डोकावलो. ‘पत्रा, एक. लेखक अज्ञात. भाषा नाही. पृष्ठे दोन. स्थिती: भोके सात.’ दोनच पृष्ठं का, विचारलं, तर म्हणाला, “पुढची आणि मागची.”

“अरे, क्रमांक नको टाकूस! एकदा क्रमांक पडला की ती राष्ट्रीय संपत्ती होते!”

“झालीच आहे,” तो म्हणाला आणि पुढच्या पत्र्यावर धाडकन शिक्का मारला.

दुपारपर्यंत संचालक दोनदा जिन्यावर येऊन वरूनच बघून गेले. तीन वाजेपर्यंत दालन भरलं, मग मार्गिका भरली, मग बालविभागाच्या छोट्या खुर्च्यांवर पत्रे रचले. टेम्पोवाले गृहस्थ पावती घेताना गहिवरले. “आमच्या वडिलांनी ठोकलेली शेड आहे,” म्हणाले. “राष्ट्र जपेल ना?” मी काय सांगणार? हो म्हणालो.

एकाही माणसाने एकही पत्र आणलं नाही. पत्रबाई मोजे न काढता सात तास बसल्या होत्या.

साडेचारला एक म्हातारी बाई आली. एकटीच. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला, साधारण दोन हात लांबीचा सपाट पत्रा. ती शिक्क्याकडे गेली नाही, सरळ पत्रबाईंच्या पुढ्यात आली आणि चादर हळूच उलगडली.

“जपून हं,” ती म्हणाली. “खडूचं आहे.”

पत्र्याला काळा रंग दिलेला होता आणि त्यावर खडूने लिहिलं होतं. अक्षर असं, की छापखान्याने बघत राहावं.

‘चहा गोड होता. उगाच बोललो.’

“आमचे हे पाट्या रंगवायचे,” म्हातारी म्हणाली. “दुकानांच्या. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कागदावर लिहायचा त्यांना कंटाळा. मग हा पत्रा स्वयंपाकघरात टांगला. लिहायचं, पुसायचं. अकरा महिने आम्ही असंच बोललो. त्या दिवशी चहावरून माझ्यावर चिडले. कप ढकलला. मग मी भाजी आणायला गेले, आले तर हे लिहिलेलं. आणि हे झोपलेले.” ती थांबली. “मग कुणी पुसायचं? नाहीच पुसलं. दोन वर्षं झाली. आता मुलगी मला तिच्याकडे नेतेय. तिकडे भिंतीला खिळा मारू देणार नाहीत. रेडिओवर ऐकलं, राष्ट्र जपेल.”

पत्रबाईंनी मोज्यातली बोटं ओठांवर दाबली. मग नवी नोंदवही उघडली.

“हे पत्र आहे,” त्या म्हणाल्या. “दिवसभरातलं पहिलं पत्र.”

पण शिक्का आधीच पोचला होता! बाईंनी पेन्सिल उचलेपर्यंत त्याचा पत्र्याच्या पाठीवर क्रमांक टाकूनसुद्धा झाला.

“हे आधी जतन कक्षात गेलं पाहिजे,” पत्रबाई म्हणाल्या. “खडू पक्का करून घ्यायला हवा.”

“मी नेतो!” मी म्हणालो. अहो, दिवसभर कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं. एवढं एक तरी धड काम हातून व्हावं! “बाई, मला नेऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि दिला हो माझ्या हातात! “दोन्ही कडा धरा. आडवा धरा. अंगाला लावू नका.”

मी निघालो. आयुष्यात मी इतकं जपून काही नेलं नव्हतं. लेकीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हासुद्धा नाही! श्वास रोखून, पावलं मोजत मार्गिकेत शिरलो. समोरून चार हमाल ती टेम्पोतली शेड घेऊन येत होते.

“सरका! सरका! कापेल!” ते ओरडले.

शेडचं टोक माझ्या कानाजवळ आलं. मी भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं आणि हातातला पत्रा वाचवायला तो छातीशी घट्ट कवटाळला.

शेड निघून गेली. मी पत्रा छातीपासून दूर केला. काळा कुळकुळीत. कोरा. नुसता एक पांढरट ढग.

मग मी खाली पाहिलं. त्या दिवशी मी गडद निळा शर्ट घातला होता. त्यावर दोन ओळी उमटल्या होत्या. उलट्या.

परत दालनात कसा आलो, आठवत नाही. पत्रबाईंनी पत्रा पाहिला आणि डोळे मिटले. मी म्हातारीसमोर उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून, ज्याने एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द सुधारले!

“आजी,” मी म्हणालो, “पुसलं गेलं. माझ्यामुळे.”

तिने पत्र्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या शर्टावर आली. ती जवळ आली. बोट वर केलं, पण टेकवलं नाही. हवेतूनच उजवीकडून डावीकडे नेत ती पुटपुटली, “चहा... गोड होता... उगाच...”

“तुम्हाला उलटं वाचता येतं?” पत्रबाईंनी विचारलं.

“दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने रंगवायचं तर उलटंच लिहावं लागतं,” ती म्हणाली. “तीस वर्षं मी डबा धरून मागे उभी असायची.” मग माझ्याकडे बघून, “‘बोललो’ खिशाच्या घडीत गेलंय. हलू नका.”

मी हललो नाही. एक म्हातारी बाई माझ्या छातीवर आपल्या नवऱ्याचं अक्षर वाचत होती आणि मी भिंतीकडे बघत होतो.

“मला नाही द्यायचं आता,” ती एकदम म्हणाली. “माझं मला परत द्या.”

“पत्र्याला क्रमांक पडलाय,” शिक्का म्हणाला. “बाहेर नेता येणार नाही.”

“पत्रा ठेवा हो तुम्हाला. काय राहिलंय त्याच्यावर? मला हा शर्ट द्या.”

शिक्क्याचा हात शर्टाच्या दिशेने उठला. सवयच ती!

“खाली ठेवा तो शिक्का!” पत्रबाई ओरडल्या. नऊ वर्षांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

मी बटणं सोडली. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात, वाचक, हमाल, पहारेकरी आणि जिन्यावरून बघणारे संचालक यांच्या साक्षीने! माझ्या बनियनला खांद्यावर भोक होतं. शिक्क्याने त्याची वहीत नोंद केली नाही हे त्याचे उपकार. पत्रबाईंनी शर्ट दोन्ही बाजूंनी धरून अलगद उतरवला, टेबलावर पसरला, वर पातळ कागद ठेवला आणि सर्वांत मोठ्या फोल्डरमध्ये आडवा घातला. दिवसभरात वापरला गेलेला तो एकच फोल्डर. म्हातारीने तो चादरीत गुंडाळला आणि कुणाकडे न बघता निघून गेली. पत्रबाईंची नोंदवही कोरीच राहिली. मी पहारेकऱ्याचा कोट मागून घेतला.

पुढचं लवकर सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. चारशे बारा पत्रे राष्ट्रीय संपत्ती झाले. ते काढून टाकायला समिती लागते आणि समितीची बैठक अजून ठरलेली नाही. वार्तापत्र माझ्याकडून काढून घेतलं. सध्या मी मागच्या आवारात पत्र्यांचा प्रभारी आहे. वारा सुटला की माझा संग्रह वाजतो. पत्रविभाग बंद झाला, कपाटं नियतकालिकांना गेली.

पत्रबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मी निरोप समारंभाला गेलो, पण दारातच उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी शिक्का आवारात आला. “साहेब, विभाग बंद व्हायच्या आधी पत्रसंग्रहात एक नोंद झालीय,” म्हणाला. “काल पाच वाजायला दहा मिनिटं असताना. बाईंनी स्वतः केली. संचालकांना लिहिलेलं त्यांचं पत्र आहे. तुमच्याविरुद्धचं.”

म्हणजे साऱ्या देशाच्या पत्रसंग्रहात पत्र एकच, आणि ती माझ्याविरुद्धची तक्रार! कुणीही चिठ्ठी भरून मागवावं आणि वाचावं.

मी आठ दिवस गेलो नाही. मग गेलो. रांगेत उभं राहून चिठ्ठी भरली. शिक्क्याने नियमाप्रमाणे माझं पेन काढून घेतलं, मोजे दिले आणि अर्ध्या तासाने फोल्डर पुढ्यात ठेवला. तो तिथेच उभा राहिला, समोर हात बांधून.

पत्र चार ओळींचं होतं. ‘महोदय, सदर निवेदनातील बदलांमुळे माझे नऊ वर्षांचे काम वाया गेले. संबंधितांवर काय कारवाई करावी, ते आपण ठरवावे. एवढेच नोंदवते, की त्या बाईंनी शर्ट मागितला तेव्हा संबंधितांनी क्षणाचाही विचार केला नाही. हेही पत्राबरोबर जपले जावे.’

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून मी आणखी खाली वाकलो.

“साहेब, मागे सरका!” शिक्का ओरडला आणि त्याने माझ्या नाकाखालून फोल्डर ओढून घेतला. “रडायचं असेल तर बाहेर! कागद भिजेल!”